आधी प्लेट, मग औषध : बडोद्यातील एका वन्यपक्षी उपचार केंद्राचा अनुभव

यंदाच्या उत्तरायणात, म्हणजे संक्रांतीच्या पतंगोत्सवात, जखमी झालेल्या एका घारीच्या निमित्ताने बडोद्यातील एका वन्यपक्षी उपचार केंद्राशी माझा पाच आठवडे संबंध आला. त्या केंद्राच्या सेवेबद्दल हे लिहीत आहे. केंद्राचे नाव देत नाही, कारण तिथे पक्षी थेट नागरिकांकडून घेतले जात नाहीत. पशुपक्ष्यांच्या मदतीसाठीच्या १९६२ या क्रमांकावर फोन केला किंवा वन विभागाला कळवले, की स्वयंसेवक येऊन पक्षी घेऊन जातात. नाव कुठे छापून आले, की लोक रात्री-अपरात्री फाटकाशी खोकी ठेवून निघून जातात आणि सकाळपर्यंत आतला पक्षी दगावलेला असतो, असे तिथल्या डॉक्टरबाईंनी मला सांगितले. त्यांची विनंती मला रास्त वाटली.

पाचपैकी चार तारे मी या सेवेला देईन. एक तारा का कापला तेही पुढे सांगतो. परंतु जे चार दिले ते मुख्यतः एकाच गोष्टीसाठी दिले आहेत. जखमेत कोणता जंतू आहे आणि तो कोणत्या औषधाला दाद देतो हे पाहिल्याशिवाय हे केंद्र अँटिबायोटिकला हात लावत नाही. माझे रावपुऱ्यात औषधांचे दुकान आहे, एकतीस वर्षांपासून. माणसांच्या बाबतीतही हा संयम किती दुर्मीळ झाला आहे, हे मी दुकानाच्या गल्ल्यावर बसून रोज पाहतो.

घटना अशी. १४ जानेवारीच्या दुपारी आम्ही सगळे दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्याच्या गच्चीवर होतो. चारच्या सुमारास शेजारच्या गच्चीवरून "समडी, समडी!" असा ओरडा झाला. पाहिले तर मागच्या कडुलिंबाच्या फांदीला एक घार उलटी लटकत होती आणि जितकी फडफडत होती तितका मांजा तिच्या पंखात रुतत होता. मांजा नायलॉनचा होता. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ सालीच त्याच्यावर देशभर बंदी घातली आहे, तरी तो दरवर्षी कुठून तरी येतोच. माझ्या पुतण्याने शिडी लावून, जुना पंचा तिच्या डोक्यावर टाकून तिला उतरवले. डोळे झाकले गेले तशी ती शांत झाली. मांजा ओढून काढायचा नाही, दोन्ही बाजूंनी कापायचा, एवढे आम्हाला ठाऊक होते. बुटांच्या खोक्याला भोके पाडली, पण घार त्यात मावेना. शेवटी सलाइनच्या बाटल्या येतात तो मोठा खोका दुकानातून आणला.

इथे आमच्याकडून चूक झाली. १९६२ ला फोन करण्याऐवजी आम्ही तिला जवळच्या एका खासगी पशुचिकित्सालयात नेले. तिथल्या गृहस्थांनी खोका अर्धवट उघडला, जखमेकडे लांबूनच पाहिले आणि छातीच्या स्नायूत एन्रोफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिकचे इंजेक्शन देऊन टाकले. पक्ष्याचे वजन केले नाही, जखम धुतली नाही. "पाच दिवस हेच द्या, इन्फेक्शन होणार नाही," असे सांगून त्यांनी उरलेली बाटली माझ्या हातात ठेवली. रानपक्षी घरी ठेवून आपण त्याला इंजेक्शने देणे वन्यजीव संरक्षण कायद्यात बसत नाही, ही एक गोष्ट. आणि ज्या जंतूचे तोंडही पाहिले नाही त्याच्यावर औषध सोडायचे, ही दुसरी. मला राग आला, पण त्यातला काही माझ्यावरही होता. तापासाठी डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिकच्या दोन-दोन गोळ्या मागायला येणाऱ्यांना पूर्वी मीही गोळ्या दिलेल्या आहेत. शेड्यूल एच-वनचा, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत अशा औषधांच्या एका यादीचा, नियम १ मार्च २०१४ पासून लागू झाला आणि या वर्गातल्या औषधांसाठी रुग्णाचे, डॉक्टरांचे नाव वेगळ्या वहीत लिहून ती वही तीन वर्षे जपणे बंधनकारक झाले, तेव्हापासून मात्र माझ्या दुकानात ते पूर्ण बंद आहे.

संध्याकाळी सहाला फोन केला; तासाभरात एक स्वयंसेवक मुलगा स्कूटरवर आला आणि खोक्यासकट मलाही मागे बसवून केंद्रात घेऊन गेला. उत्तरायणाच्या संध्याकाळी तिथे काय स्थिती असते ते मी पहिल्यांदा पाहिले. ओळीने खोकी ठेवलेली, प्रत्येकावर चिकटपट्टी आणि तिच्यावर क्रमांक, वेळ, परिसराचे नाव. कबुतरे सर्वांत जास्त, मग पोपट, ढोकरी, दोन घुबडे. गर्दी असूनही नोंदणीच्या टेबलावर बसलेल्या मुलीने मला जो पहिला प्रश्न विचारला, तो ऐकून मी चांगलाच चमकलो. "काका, आधी कुठले अँटिबायोटिक दिले आहे का? नाव, मात्रा, वेळ?" मी बाटली दाखवली. तिने ते सगळे लाल शाईने फॉर्मवर लिहिले, कारण आधी औषध गेलेले असेल तर तपासणीत जंतू नीट उगवत नाहीत आणि अहवाल फसवा येऊ शकतो. इतकी वर्षे या धंद्यात असूनही हा प्रश्न मला स्वतःला किती पॅथॉलॉजीवाल्यांनी विचारला आहे, ते मोजायला एका हाताची बोटे पुरतील.

घारीचे वजन ६९० ग्रॅम भरले. वेदनेसाठी मेलॉक्सिकॅम दिले गेले. हे औषध का, असे मी विचारले, तेव्हा डॉक्टरबाई कामातून मान वर न करता म्हणाल्या, "गिधाडांनी शिकवले." आमच्या धंद्यातल्या माणसाला ही गोष्ट विसरता येत नाही. गुरांना दिलेले डायक्लोफिनॅक मेलेल्या जनावराच्या मांसात राहते आणि ते खाल्लेल्या गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होतात, हे २००४ साली सिद्ध झाले. २००६ साली भारतात जनावरांसाठी त्याच्यावर बंदी आली. तरी माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यांत जात राहिल्या, म्हणून २०१५ साली माणसांच्या इंजेक्शनची बाटलीही ३ मिलिलिटरची करावी लागली. तोवर पांढऱ्या पाठीची गिधाडे शंभरातली नव्व्याण्णवहून अधिक नाहीशी झाली होती. मेलॉक्सिकॅम गिधाडांना अपाय करत नाही हे तपासून पाहिलेले आहे, म्हणून शिकारी पक्ष्यांसाठी हे केंद्र तेच वापरते. माणसाच्या कपाटातले औषध रानात कसे पोहोचते, हे गिधाडांच्या बाबतीत साऱ्या देशाने डोळ्यांनी पाहिले. अँटिबायोटिकच्या बाबतीत ते दिसत नाही, कारण पक्षी मरून पडत नाही. त्याच्या आतड्यातले जंतू तेवढे बदलतात.

जखम खांद्यापासून मनगटापर्यंत पंखाच्या पुढच्या कडेला ताणलेल्या पातळ कातडीत होती. तीन-साडेतीन सेंटिमीटरची चीर, कडा काळपट, आत पिसांचे तुकडे आणि वाळलेली घाण. सुदैवाने स्नायुबंध शाबूत होता. नमुना कसा घेतला ते मी मुद्दाम जवळून पाहिले. वरची घाण आधी निर्जंतुक सलाइनने धुतली, कारण वरवरचा पू पुसून घेतला तर भलतेच जंतू वाढतात. मग स्वच्छ दिसू लागलेल्या जखमेच्या तळाशी कापसाची काडी दाबून, एक सेंटिमीटरच्या जागेत हळूहळू फिरवून, वाहक द्रव असलेल्या नळीत बंद केली. या सगळ्याला चार मिनिटे लागली असतील. घारीने तेवढ्या वेळात दोनदा आपली तिसरी पापणी, ती दुधाळ पातळ पडदी, डोळ्यावरून आडवी ओढली. बाकी ती हलली नाही. उपचार विनामूल्य आहेत. कल्चरचा, म्हणजे नमुन्यातले जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीचा, ६५० रुपये खर्च ज्याला शक्य असेल त्याने द्यावा अशी पद्धत आहे. मी दिला, पावती मिळाली.

त्यानंतरचे तीन दिवस माझी चिडचिड झाली आणि कापलेला तारा बराचसा त्यापायी आहे. दुसऱ्या दिवशी वासी उत्तरायण, म्हणजे सणाचाच दुसरा दिवस, त्यामुळे प्रयोगशाळा बंद. तशी ती असणार हे समजण्यासारखे आहे, पण कोणी तसे सांगितले नाही. फोन उचलला जात नव्हता. उचलला तेव्हा "रिपोर्ट आला की कळवू" एवढेच उत्तर. जंतू वाढायला वेळ लागतो, तो घाई केल्याने कमी होत नाही, हे मला पक्के ठाऊक आहे. पण हेच वाक्य पहिल्या दिवशी पावतीवर छापलेले असते, तर माझ्यासारखी पन्नास माणसे पन्नास वेळा फोन करती ना, आणि तो फोन नव्या जखमी पक्ष्यासाठी मोकळा राहता.

१७ तारखेला मी स्वतःच गेलो. अहवाल तयार होता आणि प्रयोगशाळेतल्या ताईंनी मला नुसता कागद न देता प्लेट, म्हणजे जंतू वाढवण्याची बशी, दाखवली. इथून पुढे जे सांगतो आहे, त्यासाठीच हा लेख लिहायला घेतला.

आधीची प्लेट मॅकॉन्की माध्यमाची होती. तिच्यावर गडद गुलाबी ठिपके उगवले होते. लॅक्टोज पचवणारे जंतू तिथे असे गुलाबी दिसतात, आणि पुढच्या चाचण्यांत तो ई. कोलाय हा आतड्यात राहणारा जंतू ठरला. त्यातला एक ठिपका उचलून, द्रवात ठरावीक गढूळपणा येईपर्यंत मिसळून, दुसऱ्या प्लेटवर पातळ सारवला होता. त्यावर औषध मुरवलेल्या, सहा मिलिमीटरच्या, कागदी चकत्या ठेवून प्लेट रात्रभर ३५ अंशांवर ठेवलेली. औषध चालत असेल, तर चकतीभोवती जंतू उगवत नाहीत आणि स्वच्छ गोल रिकामा राहतो. ताईंनी प्लेट खिडकीच्या उजेडात तिरकी धरली. ॲम्पिसिलिनच्या चकतीला जंतूंची साय अगदी कडेपर्यंत चिकटलेली. टेट्रासायक्लिन, तेच. को-ट्रायमोक्झॅझोल, तेच. सेफ्ट्रायॅक्सोन, ज्याची इंजेक्शने माझ्या दुकानातून रोज जातात, तिथेही तेच. सिप्रोफ्लॉक्सासिनच्या भोवती एक केसभरही मोकळी जागा नव्हती. आणि पहिल्या दवाखान्यात घारीला टोचलेले एन्रोफ्लॉक्सासिन याच घराण्यातले. ते पाच दिवस दिले असते, तर या जंतूचे काहीच बिघडले नसते. त्याच्या आसपासचे साधे, औषधाला दबणारे जंतू तेवढे मेले असते आणि याला मोकळे रान मिळाले असते.

दोन चकत्यांभोवती मात्र गोल होते. ॲमिकासिनभोवती २१ मिलिमीटर, मेरोपेनेमभोवती २६. ताईंनी पट्टीने मोजून दाखवले. मग त्यांनी तिसरी प्लेट काढली. तिच्यावर दोनच चकत्या: एकीत सेफ्टाझिडीम हे सेफॅलोस्पोरिन घराण्यातले औषध, दुसरीत सेफ्टाझिडीम आणि औषध फोडणाऱ्या विकराला रोखणारे क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल एकत्र. पहिलीभोवतीचा गोल लहान, दुसरीभोवतीचा ठळक मोठा. दोहोंतला फरक पाच मिलिमीटर किंवा त्याहून जास्त असेल, तर तो जंतू सेफॅलोस्पोरिन औषधांना फोडणारे विकर (एन्झाइम) बनवतो असे समजतात. हे विकर बनवण्याची कृती ज्या जनुकात लिहिलेली असते, ते बहुधा प्लाझ्मिड नावाच्या, डीएनएच्या सुट्या वर्तुळावर असते, आणि एका जंतूने दुसऱ्याला ते उतरवून देण्यासाठी दोघे एकाच जातीचे असावे लागतात असेही नाही. शाळेत एकाची गृहपाठाची वही वर्गभर फिरते तसे ते फिरते.

ताईंनी एक गोष्ट न विचारता सांगितली, तिचे मला कौतुक वाटले. हे अमुक मिलिमीटर म्हणजे औषध चालेल आणि तमुक म्हणजे चालणार नाही, या मर्यादा माणसांसाठी आणि कुत्री, गुरे अशा काही प्राण्यांसाठी ठरवलेल्या आहेत. घारीसाठी कोणी ठरवलेल्या नाहीत. म्हणून अहवालाच्या तळाशी त्यांनी तसे स्पष्ट लिहिले होते. ज्या प्रयोगशाळेला आपल्या मोजपट्टीची मर्यादा माहीत आहे आणि ती ग्राहकाला सांगावीशी वाटते, तिच्या बाकीच्या आकड्यांवर मी विश्वास ठेवतो.

आता औषध कोणते देणार, असे मी डॉक्टरबाईंना विचारले. माझ्या मनात ॲमिकासिन होते.

"काहीच नाही," त्या म्हणाल्या.

मी कागदावर बोट ठेवले. त्यांनी शांतपणे समजावले. घार खाते आहे, वजन टिकून आहे, जखमेभोवती सूज पसरलेली नाही. म्हणजे जंतू जखमेत आहे, पण घारीवर त्याने मात केलेली नाही. ॲमिकासिन पक्ष्यांच्या मूत्रपिंडांना जड जाते. मेरोपेनेम हे अतिदक्षता विभागातल्या माणसासाठी राखून ठेवायचे औषध. त्वचेच्या जखमेसाठी ते एका घारीत वापरायचे, आणि तिच्या विष्ठेतून ते मातीत सोडायचे, हे त्यांना मान्य नव्हते. त्याऐवजी रोज सलाइनने धुणे, मेलेली कातडी काढणे, वैद्यकीय मधाची पट्टी, आणि पंखाला आठ आकड्यासारखी गुंडाळलेली पट्टी, तीही सांधा आखडू नये म्हणून ठरावीक दिवसांनी सोडून. सूज पसरली किंवा खाणे सुटले तर पुन्हा विचार करू, असे त्यांनी केसपेपरवर लिहून ठेवले. मी एक औषधविक्रेता आहे आणि मला सांगायला संकोच वाटत नाही, की पाच आठवड्यांत या केंद्राने दिलेल्या सेवेतला सर्वांत मोलाचा भाग म्हणजे ते न दिलेले इंजेक्शन होते. ते टाळण्यासाठी रोज वीस मिनिटे एका माणसाला त्या घारीजवळ बसावे लागले.

घारीने जन्मात कधी अँटिबायोटिक घेतले नव्हते, त्या दुपारचे एक इंजेक्शन सोडले तर; मग हा जंतू तिच्याकडे आला कुठून? एका घारीच्या एका प्लेटवरून याचे उत्तर देता येणार नाही, असे डॉक्टरबाईंनी आधीच बजावले. पण घार काय खाते ते सर्वांना दिसते. कत्तलखान्याची आतडी, कोंबडीच्या दुकानांमागचा कचरा, उकिरड्यावरचे मेलेले उंदीर. शहराचे सांडपाणी विश्वामित्रीत उतरते आणि त्याच पाण्यात मगरी, कासवे, बगळे राहतात. माणसाने किंवा जनावराने घेतलेल्या अँटिबायोटिकचा मोठा भाग अंगात न मोडता मलमूत्रावाटे तसाच बाहेर पडतो. म्हणजे गटारात औषधही जाते आणि त्याला सरावलेले जंतूही. केनियातल्या बबून माकडांचा एक अभ्यास १९८५ साली प्रसिद्ध झाला होता. माणसांच्या कचऱ्यावर खाणाऱ्या माकडांच्या पोटात औषधांना न जुमानणारे जंतू रानातच चरणाऱ्यांपेक्षा जास्त सापडले. ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यांवरच्या चंदेरी कुरव पक्ष्यांचा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला, त्यात पाचातल्या एकाहून अधिक पक्ष्यांकडे महत्त्वाच्या औषधांना दाद न देणारा ई. कोलाय होता. त्यांना कोणी चिठ्ठी लिहून दिली नव्हती.

प्रतिरोध, म्हणजे जंतूंची औषधाला दाद न देण्याची ही ताकद, माणसानेच जन्माला घातला असे मात्र नाही, आणि हे सांगितले नाही तर लेख अपुरा राहील. युरोपात हेजहॉग नावाचा एक छोटा काटेरी प्राणी असतो. त्याच्या कातडीवर वाढणारी एक बुरशी पेनिसिलिनसारखे द्रव्य बनवते, आणि त्याच कातडीवर राहणाऱ्या स्टॅफिलोकोकस जंतूंनी तिच्यापासून वाचण्याची युक्ती साधारण दोनशे वर्षांपूर्वीच कमावली होती, म्हणजे पेनिसिलिन कोणाच्या औषधपेटीत येण्याच्या कितीतरी आधी. २०२२ साली हे संशोधन प्रसिद्ध झाले. डेन्मार्क आणि स्वीडनमध्ये तपासलेल्या हेजहॉगांपैकी ६० टक्क्यांपर्यंत प्राण्यांवर ते जंतू होते. युक्ती निसर्गात आधीपासून होती. आपण दर गल्लीत, दर पोल्ट्रीत औषध ओतून त्या युक्तीला बाजारभाव मिळवून दिला. शेवटचा उपाय म्हणून जपलेले कोलिस्टिन कोंबड्यांच्या खाद्यातही घातले जात होते. त्याला निकामी करणारे, प्लाझ्मिडवरून फिरणारे जनुक २०१५ साली चीनमध्ये सापडले आणि भारतात पशुपालनातील त्याच्या वापरावर २०१९ सालच्या जुलैत बंदी आली. अमेरिकेत एन्रोफ्लॉक्सासिन कोंबड्यांना देणे २००५ सालीच थांबवले गेले होते, तेही माणसांना होणाऱ्या जंतुसंसर्गात त्याच घराण्याची औषधे चालेनाशी होऊ लागली म्हणून.

केंद्राच्या स्वच्छतेबद्दल दोन शब्द. अहवाल आल्याच्या तासाभरात घारीच्या पिंजऱ्यावर पिवळी पट्टी लागली. त्या पिंजऱ्याचे हातमोजे, चिमटे, खाण्याची ताटली वेगळी. तिच्याकडे सर्वांत शेवटी जायचे. दारात पाय बुडवायचे जंतुनाशकाचे ट्रे. विष्ठेचे कागद पिवळ्या पिशवीत, जैववैद्यकीय कचऱ्यात. माझ्या पुतण्याला तिला हात लावायचा होता. त्याला नम्रपणे पण ठाम नकार मिळाला आणि बाहेर पडताना साबणाने हात धुवायला लावले. तिला उतरवताना आम्ही उघड्या हातांनी सगळे केले होते, हे तेव्हा आठवले.

उणिवा आहेत. अहवाल पूर्ण इंग्रजीत, त्यातही औषध चालते, मधले आणि चालत नाही यांसाठी एस, आय, आर अशी अक्षरे. मला ती वाचता आली, पण माझ्यापुढे रांगेत असलेल्या गृहस्थांनी कागदाची घडी करून खिशात टाकली आणि विचारले, "म्हणजे चांगले की वाईट?" गुजराती आणि मराठीतल्या चार ओळी खाली जोडणे अवघड नाही, मराठीचे काम मी करून देतो असे सांगून आलो आहे. दुसरी उणीव जास्त गंभीर वाटते. तीन वर्षांच्या प्लेटींच्या नोंदी एका जाड रजिस्टरमध्ये निळ्या शाईत पडून आहेत. कोणत्या भागातल्या पक्ष्यात कोणता जंतू, कोणत्या औषधाला निगरगट्ट, हे सारे त्यात आहे, आणि ते तिथून बाहेर कुठेही जात नाही. आणंदला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तासाभराच्या अंतरावर. या नोंदी तिथे पोहोचायला हव्यात. डॉक्टरबाईंना ते पटते; संगणकात भरायला माणूस नाही, हे त्यांचे उत्तर. आठवड्यातून एक दुपार मी जाऊन बसायला तयार आहे आणि बसू लागलोही आहे. आतापर्यंत अठ्ठावीस पाने झाली.

घार पाच आठवड्यांत बरी झाली. शेवटचे दहा दिवस ती उडण्याच्या मोठ्या पिंजऱ्यात होती. पहिल्या दिवशी ती एका बाजूला कलत होती, शेवटच्या दिवशी मधल्या आडव्या बांबूवर न थांबता या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. वजन ७६० ग्रॅम. सोडण्याआधी तिच्या विष्ठेचा नमुना पुन्हा लावला होता. त्याचेही पैसे मी दिले. जखम भरली होती, पण पोटात तोच ई. कोलाय, तीच औषधे निकामी. याचा अर्थ ती आजारी आहे असा नाही. माणसांतही असे कितीतरी लोक काहीही त्रास न होता हे जंतू बाळगून असतात. मी विचारले, अशा पक्ष्याला सोडायचे का? डॉक्टरबाई म्हणाल्या, "तिच्या थव्यातल्या बाकीच्यांना आपण काय देतो आहोत ते आधी बघा. हिला कोंडून काय होणार?" त्यांनी तिच्या डोळ्यामागचा गडद पट्टा दाखवला. बहुधा ही इथली नव्हे, हिवाळ्यात मध्य आशियाकडून येणाऱ्या घारींपैकी. अशा घारी मार्च-एप्रिलमध्ये हिमालय ओलांडून परत जातात.

फेब्रुवारीच्या एका सकाळी, ऊन तापून हवा वर चढू लागल्यावर, केंद्राच्या गच्चीवरून तिला सोडले. स्वयंसेवकाने पंचा काढला, ती क्षणभर त्याच्या हातमोज्यावर दबून बसली आणि मग खाली झेप घेऊन, कंपाउंडच्या भिंतीला जवळजवळ घासत, वर आली. पंखाची ती जागा, जिथे पिसे अजून पूर्ण आली नव्हती, उजेडात वेगळी दिसत होती. पुतण्या ती दिसेनाशी होईपर्यंत बघत उभा होता. मी खाली जाऊन नोंदणीच्या टेबलावर पुढच्या उत्तरायणातल्या दोन पक्ष्यांच्या कल्चरचे १३०० रुपये भरले आणि पावती घेतली.